स्कॉटिश फौजा इंग्रजांपुढे मैदानात का हरत? फाल्कर्क ते डनबार

भालाईत

स्कॉटलंड-इंग्लंड युद्धांचा विषय निघाला की चर्चा स्टर्लिंग ब्रिज (१२९७) आणि बॅनकबर्न (१३१४) या दोन विजयांवर येऊन थांबते. पण मोठ्या मैदानी लढाया ओळीने मांडल्या तर वेगळंच चित्र दिसतं. फाल्कर्क १२९८, डपलिन मूर १३३२, हॅलिडन हिल १३३३, नेव्हिल्स क्रॉस १३४६, होमिल्डन हिल १४०२, फ्लॉडन १५१३, सॉल्वे मॉस १५४२, पिंकी १५४७, डनबार १६५०. या सगळ्या स्कॉटिश फौजा हरल्या, बहुतेक वेळा वाईट हरल्या. तरीही मध्ययुगात इंग्लंडला हा देश गिळता आला नाही.

"शूर होते पण शिस्त नव्हती" हे उत्तर नेहमी दिलं जातं. मला ते मुळातच पटत नाही. स्कॉटिश पायदळाची मुख्य रचना म्हणजे शिल्ट्रन. शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून गोल किंवा चौकोनी उभी राहतात. पुढची रांग गुडघे टेकून भाल्याचं बूड जमिनीत रोवते, मागच्या रांगांचे भाले तिच्या डोक्यावरून पुढे येतात. चिलखती घोडेस्वार अंगावर येत असताना ही रचना टिकवायला जबरदस्त शिस्त लागते, आणि ती त्यांच्याकडे होती.

फाल्कर्कला २२ जुलै १२९८ रोजी काय झालं ते बघा. स्कॉटिश सेनापती विल्यम वॉलेसने चार शिल्ट्रन उभे केले, भोवती खुंट ठोकून दोर बांधले. मधल्या जागांत सेल्कर्कच्या जंगलपट्ट्यातले तिरंदाज होते, सर जॉन स्ट्युअर्टच्या हाताखाली. पाठीमागे थोडं घोडदळ. इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याचे सरदार दोन्ही बगलांनी आले. स्कॉटिश घोडदळ जवळजवळ न लढताच निघून गेलं आणि उघड्यावर पडलेले तिरंदाज स्ट्युअर्टसह कापले गेले. शिल्ट्रनवर मात्र घोड्यांचं काही चाललं नाही. एडवर्डच्या घोड्यांच्या नोंदवहीत त्या दिवशी मेलेली शंभराहून अधिक घोडी आहेत. मग एडवर्डने स्वार मागे घेतले आणि तिरंदाज पुढे आणले. भालाईतांना जागा सोडता येईना, कारण सोडली तर स्वार टपलेलेच. उभं राहावं तर बाण थांबेनात. रांगांत भगदाडं पडली आणि त्यांतूनच स्वार आत घुसले.

पुढच्या अडीचशे वर्षांतल्या बहुतेक पराभवांची बीजं या एका दिवसात आहेत. नुसते भाले असून भागत नाही. त्यांच्या जोडीला समोरच्या तिरंदाजांना हाकलणारं कोणी तरी लागतं, स्वार किंवा आपले तिरंदाज. ते नसेल तर भालाईत जागेवर खिळतो. पण मला त्याहून मोठा वाटणारा प्रश्न असा: हे ठाऊक असूनही स्कॉटिश सेनापती शत्रूने निवडलेल्या मैदानात पुन्हा पुन्हा का उतरले? जाणकारांनी भर घालावी.

शतघ्नी

उत्तम धागा. तिरंदाजीबद्दल लिहिते.

स्कॉटलंडमध्ये धनुष्य नव्हतं असं अजिबात नाही. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या १३१८ च्या कायद्यात एका गायीच्या किमतीएवढी मालमत्ता असलेल्या माणसानेही चांगला भाला, किंवा धनुष्य आणि २४ बाण बाळगावेत असा हुकूम आहे. पण पर्याय दिला की बहुतेक लोक भाला घेणार. भाला स्वस्त, आणि तो धरून रांगेत उभं राहायला काही आठवड्यांत शिकवता येतं. लांब धनुष्याचं तसं नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजावर जी धनुष्यं मिळाली त्यांचा ताण १०० ते १८० पौंडांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे. असं धनुष्य कानापर्यंत ओढून मिनिटाला आठ-दहा बाण सोडायचे तर लहानपणापासून अंग तयार करावं लागतं, दरवर्षी थोडा ताण वाढवत न्यावा लागतो. हाडांवरही खुणा राहतात.

स्कॉटिश राजांना ही उणीव दिसत होती. जेम्स पहिल्याने १४२४ मध्ये बारा वर्षांवरील मुलांनी धनुर्विद्या शिकावी असा कायदा केला. १४५७ मध्ये जेम्स दुसऱ्याच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली, कारण त्यात तिरंदाजीचा सराव मागे पडत होता. वर्षातून चार वेळा शस्त्रपाहणी भरवायचा हुकूमही त्यातच आहे. तेच तेच कायदे पुन्हा काढावे लागले, यावरून अंमलबजावणी किती झाली ते कळतं.

इंग्लंडकडे माणसं जास्त होती, आणि मुख्य म्हणजे पगार होता. फाल्कर्कला आलेल्या पायदळाचा मोठा भाग वेल्श होता, रोजचे दोन पेन्स घेणारा. १३३० च्या दशकापासून घोड्यावरून प्रवास करणारे आणि उतरून लढणारे तिरंदाज आले. ते सरदारांच्या बरोबरीच्या वेगाने कूच करत. या माणसाचं कामच लढाई होतं. त्याच्यासमोर उभा असलेला स्कॉटिश शेतकरी कापणीला घरी परतायची वाट बघत असे.

उत्तरवारा

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण. पण मग बॅनकबर्न कसं जमलं? तिथेही भालेच होते ना?

भालाईत

उत्तरवारा, भालेच होते, पण खिळलेले नव्हते. २३ जून १३१४ ला इंग्रज सरदार क्लिफर्डच्या स्वारांनी ब्रूसचा सरदार रँडॉल्फ याच्या शिल्ट्रनला घेरलं, पण सोबत तिरंदाज आणले नव्हते. फाल्कर्कच्या पहिल्या टप्प्यासारखंच झालं, भाले टिकले. रात्री इंग्रज फौज ओढे ओलांडून सखल, ओलसर जमिनीवर मुक्कामाला उतरली. सकाळी ब्रूसने शिल्ट्रन चालते केले. हल्ला स्कॉटिश बाजूने झाला, तोही अशा जागी की इंग्रजांना फौज पसरायला वावच नव्हता. तिरंदाजांना बाजूला काढून मारा सुरू करायचा प्रयत्न झाला, तेव्हा सर रॉबर्ट कीथचे सुमारे ५०० हलके स्वार त्यांच्यावर सोडले. फाल्कर्कला पळून गेलेला घटक इथे वेळेवर कामी आला.

१३८८ च्या ऑटरबर्नलाही मारामारी दिवस मावळताना सुरू होऊन रात्रभर चालली, त्यामुळे बाणांचा उपयोग होईना. स्कॉटिश सेनापती डग्लस पडला तरी लढाई स्कॉट्सनी जिंकली आणि इंग्रज सेनापती हॉटस्परला (हेन्री पर्सी) कैद केलं. जिथे तिरंदाज निकामी झाले तिथे भालाईत जिंकले, हे सूत्र बऱ्यापैकी टिकतं.

ओढ्याकाठी

भालाईत साहेबांच्या मोठ्या प्रश्नाला हॅलिडन हिल हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर.

१३३३ च्या वसंतात सीमेवरच्या बेरिक शहराला इंग्रजांचा वेढा पडला. शहर टेकीला आले तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे करार झाला: ठरलेल्या दिवसापर्यंत कुमक आली नाही तर शहर खाली करायचे, आणि त्याची हमी म्हणून ओलीस द्यायचे. पहिली मुदत ११ जुलैची होती. स्कॉटिश फौजेने ट्वीड नदी ओलांडली, थोडे लोक आतही शिरले, आणि किल्लेदार म्हणाले कुमक पोचली. इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा याने ते मानले नाही. त्याने ओलिसांना शहरासमोर फासावर चढवायला सुरुवात केली. पहिला होता बेरिकच्या किल्लेदाराचा, अलेक्झांडर सीटनचा मुलगा थॉमस. मग नवा करार झाला. त्यात कुमक कशाला म्हणायचे ते बारकाईने लिहिले: २०० शस्त्रसज्ज सरदार दिवसाउजेडी लढत शहरात शिरले पाहिजेत, किंवा ठरल्या जागी नदी ओलांडली पाहिजे, किंवा मोकळ्या मैदानात लढाई जिंकली पाहिजे. मुदत २० जुलैपर्यंत.

स्कॉटलंडचा कारभारी सर आर्चिबाल्ड डग्लस तेव्हा नॉर्थम्बरलंडमध्ये जाळपोळ करत होता. राणी फिलिपा होती त्या बॅम्बरा किल्ल्यावरही तो चालून गेला. एडवर्ड वेढा उठवून मागे येईल ही अपेक्षा होती, पण तो हलला नाही. करारावर सही झाल्यामुळे डग्लसचे हात बांधले गेले. आता शहर सोडायचे किंवा एडवर्ड उभा असेल तिथे जाऊन लढायचे.

एडवर्ड उभा होता हॅलिडन टेकडीवर, बेरिकपासून दोनेक मैलांवर, सुमारे ५०० फूट उंचीवर. सरदार घोड्यांवरून उतरलेले, तीन तुकड्या, प्रत्येकीच्या दोन्ही बगलांना तिरंदाज. आदल्या वर्षी डपलिन मूरला इंग्रजांच्या पाठिंब्यावर स्कॉटिश गादी मागणाऱ्या एडवर्ड बॅलिअलच्या सुमारे दीड हजार माणसांनी हीच मांडणी वापरून कैक पट मोठी फौज चिरडली होती. तिथे बगलेच्या बाणांमुळे स्कॉट्स मधे दाटत गेले, मागच्यांचा रेटा येत राहिला आणि कितीतरी माणसे शस्त्र न लागता गुदमरून मेली.

हॅलिडनला १९ जुलैला स्कॉट्स समोरच्या टेकडीवरून पायी उतरले. मधे दलदल होती, तिच्यात रांगा मोडल्या. पुढे चढ होता, आणि चढताना तोंडावर बाण. बाण चुकवायला माणूस मान खाली घालतो, शेजाऱ्याच्या आडोशाला सरकतो, की रचना आकसते. दमलेली, विस्कटलेली आघाडी वर पोचली तेव्हा ताज्या दमाचे सरदार वाट पाहत होते. मागे घोडी धरून बसलेली पोरे निकाल बघून घोड्यांसह पसार झाली, त्यामुळे पायी पळणाऱ्यांचा पाठलाग झाला. डग्लस आणि कित्येक अर्ल पडले. दुसऱ्या दिवशी बेरिक गेले.

डग्लसला मैदान वाईट आहे हे दिसत नव्हते असे नाही. पण लढाईची जागा आणि तारीख कराराने आधीच ठरवून टाकली होती.

जमाखर्च

ओढ्याकाठी, +१. त्याला मुदतीची आणखी एक बाजू आहे.

स्कॉटिश राजाची फौज मुख्यतः सक्तीच्या सेवेवर उभी राही. साधारण चाळीस दिवस, बिनपगारी, शिधा ज्याचा त्याने आणायचा. म्हणजे मोठी फौज जमवली की घड्याळ सुरू होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पीठ संपतं, पाऊस लागतो, माणसं रात्री निसटू लागतात. सेनापतीकडे संख्या असते ती पहिल्या काही आठवड्यांतच, म्हणून ती वापरून टाकायचा मोह होतो. फ्लॉडनच्या आधीही असंच लोक घरी निघाले होते.

इंग्लंडचं तंत्र वेगळं होतं. लोकरीच्या निर्यातीवर १२७५ पासून जकात, त्या जकातीच्या तारणावर इटालियन पेढ्यांकडून कर्ज, आणि त्यातून पगार. समुद्रमार्गे धान्य पाठवायला जहाजं होती. मोहीम हुकली तर पुढच्या वर्षी नवी उभी राही. स्कॉटलंडमध्ये एक मोठी फौज बुडाली की उमरावांची अख्खी पिढी जाई. नेव्हिल्स क्रॉसला राजा डेव्हिड दुसरा स्वतः पकडला गेला, अकरा वर्षांनी सुटला तो एक लाख मार्कांची खंडणी कबूल करून.

कवडसा

सगळं कबूल, पण नेतृत्व फारच सोडून देताय असं वाटतं. डपलिन मूरला कारभारी अर्ल ऑफ मार आणि ब्रूसचा अनौरस मुलगा रॉबर्ट यांच्यात आदल्या रात्री फितुरीच्या आरोपांवरून वाजलं, आणि सकाळी कोण आधी भिडतो याची चढाओढ लागली. नेव्हिल्स क्रॉसला रॉबर्ट स्ट्युअर्ट आणि अर्ल ऑफ मार्च आपली तुकडी घेऊन निघून गेले, राजाला मैदानात ठेवून. सॉल्वे मॉसला फौज तीन हजार इंग्रजांपेक्षा कित्येक पटींनी मोठी होती, पण ऐन वेळी राजाचा मर्जीतला ऑलिव्हर सिंक्लेअर सेनापती असल्याचं जाहीर झालं आणि उमरावांनी त्याला जुमानलं नाही. लढाईत मेले थोडे, एस्क नदीत आणि दलदलीत बुडाले बरेच, आणि हजाराहून जास्त कैद झाले. तीन आठवड्यांत जेम्स पाचवा वारला.

होमिल्डनला तर घरातलाच माणूस समोर होता. स्कॉटिश अर्ल ऑफ मार्च, जॉर्ज डनबार. युवराजाशी त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडून डग्लसच्या मुलीशी लावलं, म्हणून तो इंग्रजांना मिळाला. हॉटस्पर स्वारांनिशी टेकडीवर चढायला निघाला होता. डनबारने त्याला थांबवलं आणि तिरंदाजांना काम करू द्यायला सांगितलं. स्कॉट्स दाटीने उभे होते, बाण वाया जाणं अशक्य होतं. सर जॉन स्विंटन आणि अ‍ॅडम गॉर्डन, दोघे जुने वैरी, समेट करून शंभरेक माणसांसह खाली धावले आणि मारले गेले. बाकीच्यांनी वेळेवर साथ दिली नाही. स्कॉटिश शस्त्रांची कमजोरी कुठे आहे ते इंग्रजांना एका स्कॉटनेच सांगितलं.

शतघ्नी

कवडसा, जॉर्ज डनबारचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण नेतृत्व धड असून, पैसा असून, तोफा असूनही हरले ती लढाई म्हणजे फ्लॉडन. हातातलं नवं हत्यार वाईट नव्हतं, ते वापरायच्या अटी मोडल्या, एवढं तिथे स्पष्ट दिसतं.

जेम्स चौथ्याने १५१३ मध्ये स्विस पद्धतीचे लांब भाले घेतले, १५ ते १८ फुटी. शिकवायला फ्रेंच कप्तान आले. हे शिल्ट्रनपेक्षा वेगळं तंत्र आहे. यात खोल तुकडी वेगाने, न थांबता पुढे जाते आणि सगळं सामर्थ्य त्या रेट्यात असतं. त्यासाठी सपाट, कोरडी जमीन आणि ताल धरून चालायचा भरपूर सराव लागतो. तुकडी थांबली की १८ फुटी भाला निरुपयोगी. टोकाच्या आत शिरलेल्या माणसाला तो मारू शकत नाही.

राजाच्या १७ तोफा किल्ले पाडायला आणलेल्या, अवजड. सर्वांत मोठ्या पाच ओढायला प्रत्येकी ३६ बैल. नॉरम, एटल, फोर्ड हे किल्ले त्यांनी पटापट घेतले. मग फौज फ्लॉडनच्या डोंगरधारेवर पक्का मोर्चा बांधून बसली. सत्तरीचा इंग्रज सेनापती अर्ल ऑफ सरे समोरून चढला नाही. त्याने ८ आणि ९ सप्टेंबरला वळसा घालून, ट्विझल पुलावरून तोफा पार करून, उत्तरेकडून स्कॉट्सची परतीची वाट रोखली. जेम्सला घाईघाईने ब्रँक्स्टन टेकडीवर सरकावं लागलं. जड तोफा तिथे नेऊन घाईत लावल्या. वरून खाली नेम धरताना गोळे इंग्रजांच्या डोक्यावरून गेले. इंग्रजांच्या मैदानी तोफा हलक्या, पटकन भरता येणाऱ्या. त्यांचे गोळे दाटीच्या तुकड्यांत पडू लागले आणि उतारावर थांबणं अशक्य झालं.

डाव्या टोकाला होम आणि हंटली या स्कॉटिश सरदारांची तुकडी उतरली. तिथे उतार सौम्य होता, पायथ्याशी अडथळा नव्हता. त्यांनी इंग्रजांकडच्या एडमंड हॉवर्डची फळी उडवली. तेच भाले, तेच शिक्षण, आणि चोख काम. शेजारच्या दोन तुकड्या, त्यांत राजाची स्वतःची, जास्त तीव्र उतारावरून आल्या. पाऊस झालेला. पाय घसरू नये म्हणून काहींनी जोडे काढले होते. पायथ्याला ओढा आणि चिखल. पुढच्या रांगा त्यात अडकल्या, रेटा संपला आणि समोर लगेच चढ. इंग्रज पायदळाकडे बिल होतं, म्हणजे आठेक फुटी दांड्यावर बसवलेला आकड्याचा कोयता. त्याने भाल्यांचे दांडे छाटता येतात आणि जवळून माणूसही तोडता येतो. स्कॉट्सनी भाले टाकून तलवारी काढल्या, पण तलवारीची पोच बिलाहून कमी. उजवीकडच्या हायलँडर्सना (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांना) इंग्रज सरदार स्टॅन्लीच्या तिरंदाजांनी बगलेतून गाठलं.

बाणांनी या लढाईत हॅलिडनइतकं काम केलं नाही. पुढच्या रांगांतल्या उमरावांची चिलखतं उत्तम होती. राजा पुढच्या रांगेत लढत सरेच्या निशाणाजवळ पडला. तो पुढे असल्यामुळे ओढ्याशी तुकडी अडकली तेव्हा मागून फौज वळवणारं, होमला दुसरीकडे धाडणारं कोणी उरलंच नव्हतं. त्याच्यासोबत नऊ-दहा अर्ल आणि सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप असलेला त्याचा मुलगा गेला.

उत्तरवारा

हे वाचून फ्लॉडनचा नकाशा उघडून बसलो आहे, होमच्या बाजूचा उतार खरंच सौम्य दिसतो. पिंकी आणि डनबारबद्दल कोणी लिहील का? आणि कलोडनही.

जमाखर्च

पिंकी थोडक्यात. १० सप्टेंबर १५४७. एस्क नदीमागची पक्की जागा सोडून स्कॉटिश कारभारी अ‍ॅरनची फौज पुढे आली. समुद्राकडच्या बगलेवर इंग्रज जहाजांच्या तोफा चालल्या. आदल्या दिवशीच्या चकमकीत स्कॉटिश घोडदळ जवळपास संपलं होतं. इंग्रज स्वारांनी भाल्यांवर हल्ले करून मार खाल्ला, पण तुकड्या जागी थांबल्या. तेवढ्यात तोफा, बंदूकवाले आणि तिरंदाज पुढे आले. फाल्कर्कचीच क्रिया, बाणांच्या जोडीला बंदुकीची दारू.

ओढ्याकाठी

डनबार (३ सप्टेंबर १६५०) मी घेतो, कारण स्कॉटिश सेनापती डेव्हिड लेस्लीने तोपर्यंत सगळे बरोबर केले होते. इंग्रज सेनापती क्रॉमवेल सोळा हजार माणसे घेऊन आला. लेस्लीने लोदियन प्रांतातले धान्य-गुरे हलवली, एडिंबरा-लीथ दरम्यान खंदक धरला आणि लढाई दिलीच नाही. आजार आणि उपासमारीने क्रॉमवेलकडे अकरा हजार उरले. तो डनबारच्या बंदराकडे सरकला तेव्हा लेस्लीने दक्षिणेची वाट अडवली आणि डून टेकडी धरली.

मग २ सप्टेंबरला फौज खाली उतरवली. धर्मसभेच्या प्रतिनिधींनी दबाव आणला असे सांगतात. उघड्या टेकडीवर पाऊस-वारा होता आणि शिधा कमी होता, हेही खरे. उतरल्यावर डावी बाजू ब्रॉक्स ओढ्याची घळ आणि टेकडीचा उतार यांच्या मधे अडकली, तिथून कोणाला उजवीकडे पाठवायला जागाच नव्हती. क्रॉमवेल आणि त्याचा सहकारी सेनानी लँबर्ट यांना ते संध्याकाळीच दिसले.

रात्र पावसाची. स्कॉटिश बंदुका तोड्याच्या. तोडा पेटता ठेवायचा तर रात्रभर दोरी जळते आणि ओली झाली तर विझते. दोरी वाचवायला हुकूम निघाला की प्रत्येक कंपनीत दोनच तोडे पेटते ठेवा. बरेच अधिकारी आडोशाला झोपायला गेले. शिवाय धार्मिक शुद्धतेच्या नावाखाली सुमारे ८० अधिकारी आणि तीन हजार अनुभवी सैनिक आधीच काढून टाकले होते. पहाटे क्रॉमवेलने जवळजवळ सगळा जोर स्कॉटिश उजव्या टोकावर टाकला. बंदूकवाल्यांना विस्तव मिळेपर्यंत ती बाजू मोडली आणि बाकीची फौज एकीकडून गुंडाळली गेली. क्रॉमवेलच्या पत्राप्रमाणे तीन हजार ठार, दहा हजार कैद. कैद्यांपैकी हजारो डरहॅम कॅथेड्रलमध्ये कोंडले आणि त्यांतले बरेच तिथेच मेले. २०१३ मध्ये कॅथेड्रलजवळच्या खोदाईत सापडलेले सांगाडे त्यांचेच, असे विद्यापीठाने दोन वर्षांनी जाहीर केले.

कवडसा

कलोडन (१७४६) या यादीत घालू नये. ती स्कॉटिश विरुद्ध इंग्रज लढाई नव्हती. सरकारी सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंडच्या फौजेत स्कॉटिश पलटणी होत्या आणि गादीचा दावेदार चार्ल्स स्ट्युअर्टच्या बाजूला आयरिश व फ्रेंच तुकड्या. कारणंही वेगळी: आदल्या रात्री नेर्न गावाजवळच्या सरकारी छावणीवर छापा घालायला निघालेली चार्ल्सची फौज पहाटे उपाशी आणि न झोपता परत आली, आणि सपाट, ओल्या माळावर तोफांपुढे उभी राहिली.

जरा अवांतर: पुढे साठ वर्षांच्या आत हायलँडर पलटणी दख्खनमध्ये लढल्या. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी होत्या. त्यातली ७४ वी चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि शिंद्यांच्या तोफांखाली तिची धूळधाण झाली.

भालाईत

सर्वांचे आभार. लेस्लीचा पहिला महिना हा माझ्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातो, म्हणून त्याच पद्धतीची दोन जुनी उदाहरणं देतो. मराठी वाचकाला ती ओळखीची वाटतील.

१३२२ च्या ऑगस्टमध्ये एडवर्ड दुसरा मोठी फौज घेऊन एडिंबरापर्यंत पोचला. ब्रूसने लोदियनमधली गुरं आणि धान्य आधीच हलवलं होतं आणि स्वतः फोर्थ खाडीच्या पलीकडे थांबला. किल्ले त्याने पूर्वीच पाडून टाकले होते, त्यामुळे इंग्रजांना धरून बसायला जागा नव्हती आणि बेरिकसारखा वेढ्याचा करार व्हायचाही प्रश्न नव्हता. बखरकार बार्बर सांगतो की शोधायला गेलेल्यांना सगळ्या लोदियनमध्ये एकच लंगडं जनावर मिळालं. फौज उपाशी परतली. ऑक्टोबरमध्ये ब्रूस तिच्या मागोमाग यॉर्कशरमध्ये घुसला, ओल्ड बायलंडला त्याने इंग्रजांना उधळलं आणि एडवर्ड जेमतेम निसटला.

१३८५ मध्ये रिचर्ड दुसरा आला तेव्हा जाँ द व्हिएनचे फ्रेंच सरदार मदतीला होते आणि त्यांना लढाई हवी होती. स्कॉट्सनी त्यांना उंचावरून इंग्रज फौज दाखवली आणि मग ते मैदान सोडून उत्तर इंग्लंडमधला कंबरलंड प्रांत लुटायला गेले. मेलरोज, ड्रायबरा, न्यूबॅटल हे मठ जळले, एडिंबरा जळलं. फ्रेंच चिडले. पण दोनेक आठवड्यांत रसद संपून रिचर्ड परतला आणि स्कॉटिश फौज जशीच्या तशी शाबूत राहिली.

या मार्गाची किंमत शेतकऱ्याने मोजली, दर वेळी घर-दार पेटवून. म्हणूनच तो कायम वापरता येत नसे. ज्या सरदाराची शेतं जळतात तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लढाईच मागतो, आणि वेढा पडलेलं शहर तर लगेच मागतं. बेरिक, रॉक्सबरा अशा सीमेवरच्या जागांवर हक्क सांगणाऱ्या राजाला कधी ना कधी त्या सोडवायला जावंच लागे. डपलिन आणि फ्लॉडन मात्र मला या चौकटीत बसवता येत नाहीत, तिथे तशी सक्ती नव्हती. फ्लॉडनला ९ सप्टेंबरच्या सकाळी, सरेची फौज टिल नदी ओलांडून दोन भागांत विभागलेली असताना जेम्सने काय करायला हवं होतं, यावर शतघ्नी ताईंनी लिहावं ही विनंती.

शतघ्नी

भालाईत, नकाशाप्रमाणे सरेची आघाडी आणि तोफा ट्विझल पुलावरून आल्या, तर मागची फळी नदीच्या बऱ्याच वरच्या अंगाला, उथळ पाण्याच्या वाटांवरून. दोन्ही भाग काही तास एकमेकांपासून तुटलेले होते. पण फ्लॉडन धारेवरून ट्विझल पाचेक मैल आहे, पाऊस-धुक्यात हालचाल उशिरा कळली, आणि बैलांच्या तोफा तेवढ्या वेळात तिथे पोचणं शक्य नव्हतं. नुसत्या भालाईतांनिशी उतरून नदीकाठी गाठायचं तर होमचे सीमेवरचे स्वार पुढे पाठवून पूल आणि नदीतल्या उथळ वाटा आधीच राखायला हव्या होत्या. पुलावर पहारा नव्हता, ही त्या दिवसाची पहिली चूक, आणि ती लढाई सुरू होण्याच्या पाच-सहा तास आधीची आहे.